ओव्याचा कप्पा

घाटनांदूरच्या पेठेत गंगासागर अक्कांचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर अक्का बसतात, त्यांचे यजमान महारुद्रप्पा माल जोखतात. बी.ए. होऊन गावी परतलो तेव्हा मी पेपर वाचायला रोज तिथे जायचो. माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या बाईशी माझी मैत्री झाली ती अशी. अक्कांची शाळा चौथीतच सुटली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे पाहिलं त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

दुकानात पेरायचा मूगही मिळायचा. बारीक, चकचकीत, अक्कांच्या माहेरचा. माहेरी भावांनी केव्हाच कंपनीची पाकिटं पेरायला सुरुवात केली होती. हा मूग आता फक्त अक्कांच्या एका कोठीत उरला होता.

मूग सहा महिने ठेवला की त्याला भुंगा लागतो. दाण्याला भोक पडतं, आत पीठ राहतं. पेठेतले बाकीचे दुकानदार कोठीत विषारी गोळ्या टाकत. अक्कांनी टाकू दिल्या नाहीत. कोठी होती त्याच खोलीत घरची माणसं झोपत.

१९९४ साली त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दुकानात बावीस लाकडी कप्पे. किडा सगळीकडे, पण ओव्याच्या कप्प्यात कधीच नाही. त्याच्या डावीकडच्या मटकीतही नाही, उजवीकडच्या चवळीतही नाही.

लहान लेकरांच्या पोटदुखीसाठी अक्का ओव्याचा अर्क घरीच काढायच्या. पातेल्यात ओवा नि पाणी, मधोमध दगडावर रिकामी वाटी, वर उलटं झाकण, झाकणात गार पाणी. वाफ झाकणाला लागते, थंड होते आणि वाटीत ठिबकते. त्या अर्कावर तेलाचा पातळ तवंग येतो. तो चमच्याने उचलून त्यांनी बाटलीत साठवला आणि दिवाळीत मुगाला चोळला.

उन्हाळा सरेपर्यंत एकही भुंगा दिसला नाही. मूग हातोहात गेला; घरच्या रानात पेरायला थोडा मूग तेवढा अक्कांनी बिनतेलाचा ठेवला होता.

पेरणीला पंधरा दिवस झाले आणि सिदू आला. दोन एकरांचा धनी, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. पिशवीतला उरलेला मूग त्याने गल्ल्यासमोर ओतला.

"अक्का, भुंगा मेला हे खरं. पर मूग बी मेला की."

त्या आठवड्यात आणखी सात जण आले. सगळ्यांच्या रानात मुगाची तासं, ओळीच्या ओळी, रिकामी होती. महारुद्रप्पा म्हणाले, आता बियाणं बंद, आपणही पाकिटं ठेवू. अक्कांनी एक साल मागून घेतलं. सिदूच्या देखत त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला शंभरात नव्वद दाणे उगवले नाहीत, तर मुगाची कोठी कायमची दुकानाबाहेर.

एका दुपारी मी बातमी वाचून दाखवत होतो. त्यांचं लक्ष कप्प्यांकडे होतं. मधेच म्हणाल्या, "ओवा कदी चवळीत जातो का रे? नुसता वास जातो."

मला काहीच कळलं नाही.

त्या दिवाळीत त्यांनी घरच्या रानातल्या नव्या मुगाला तेलाचं बोट लावलं नाही. तेलात भिजवलेली चिंधी पणतीत ठेवली, पणती मुगावर ठेवली, झाकण घातलं आणि फट कणकेने बुजवली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोठी उघडायची, चिंधी पुन्हा भिजवायची, पुन्हा कणीक लावायची. भुंग्याला वास मारतो, दाण्याला तेल मारतं. एवढंच त्यांनी मला समजावलं.

मे महिन्यात त्यांनी सिदूला बोलावलं. झाकण निघालं तसा ओव्याचा वास पेठेत पसरला. सिदूने ओंजळभर मूग उजेडात नेला. भोक एकाला नव्हतं.

"पर ह्यो उगवंल कशावरनं?" तो म्हणाला.

"माज्यापाशी ठिवूच नको. तुज्या घरी ने. पानी तूच मार."

सिदूने शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात गुंडाळले, स्वतःच्या हाताने गाठ मारली आणि घरी नेले.

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा मागच्या सालचे ते सात जणही आले. गाठ सुटली. सिदू मोजू लागला. अक्का कुणाच्या तरी साखरेची पुडी बांधत होत्या, वर बघत नव्हत्या. सिदूने एकदा मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सत्त्याण्णव."

महारुद्रप्पांच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राहिला.

"पर तीन कावून न्हाई उगवले?" सिदूने विचारलं.

"तुज्या घरचं पानी प्यायले," अक्का म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने सिदूच हसला.

मग त्याने पिशवी उघडून पुढे धरली. "दोन एकराचा घाला."

त्याच्या मागे ते सातही जण पिशव्या घेऊन उभे होते. अक्का गल्ल्यावरून उतरल्या, नवऱ्याच्या हातातला तराजू घेतला आणि स्वतः मूग जोखू लागल्या. कोठी दुकानातच राहिली.