मलकापूरच्या प्लॉटमधली विहीर

भूत-खेत, करणी, नजर... यातलं काही मी कधी मानलं नाही. बावीस वर्षं फौजेत काढली, डोंगरातल्या चौकीवर एकटा राहिलो. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तरी माझी तक्रार नाही. वय आता अठ्ठ्याहत्तर. सांगायचं राहून जायला नको, म्हणून लिहितोय.

निवृत्त झाल्यावर कराडजवळ मलकापूरला तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. राहायला नव्हे, मी राहणार माझ्या गावी कुंडलला. हा निव्वळ इन्व्हेस्टमेंट म्हणून. मागच्या कोपऱ्यात जुनी दगडी विहीर होती, पाण्याने चांगली भरलेली. एजंट म्हणाला, "बुजवा मेजर. हिरीचा प्लॉट कोन घेतंय?" जेसीबी लावून राडारोडा टाकला, वर मुरूम पसरला. दोन पावसाळ्यांत गवत आलं. नंतर आलेल्या शेजाऱ्यांना तिथे विहीर होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी तो प्लॉट संतोषला विकला. संतोष दुष्काळी जत भागातला, कराडात एका लॅबमध्ये नोकरीला. आई हौसाबाई, जन्मभर मेंढरं राखलेली बाई. खरेदीपत्राच्या वेळी वकिलांनी मला सरळ विचारलं, "जमिनीत बघून न कळणारा काही दोष असेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. काही आहे का?"

"काही नाही," मी म्हणालो.

भरावावरचं घर खचतं, हे मला कळत होतं. संतोषने त्या दिवशी मला पेढा दिला... तो मी खाल्ला.

पाया खोदायच्या दिवशी त्याने आग्रहाने बोलावलं. सकाळी आठला पोचलो. आदल्या दिवशी गवंड्याने फक्कीने – त्या पांढऱ्या भुकटीने – खोल्या आखल्या होत्या. मागच्या बेडरूमच्या रेषा मध्येच वळल्या होत्या. एक गोल मोकळा सोडून त्याच्या कडेकडेने गेल्या होत्या. आत फक्कीचा कण नाही, कसली पावलं नाहीत.

"कुत्री लोळली आसतील," गवंडी म्हणाला.

"कुत्री काय कंपास घिऊन लोळत्यात व्हय रं?" हौसाबाई म्हणाल्या.

गवंड्याने पुन्हा सरळ रेषा मारल्या. आम्ही समोरच्या टपरीवर चहाला गेलो. प्लॉट नजरेसमोर, वारा नाही. परत येऊन पाहतो तर... तोच गोल. मी पावलांनी मापला. आडवा सहा पावलं. विहीर तेवढीच होती आणि तिथेच होती.

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मेजर, हितं काय हुतं?"

"काही नव्हतं." दुसऱ्यांदा खोटं बोललो.

हौसाबाई गोलाच्या कडेला बसल्या, जमिनीवर हात ठेवून. मग म्हणाल्या, "जागा नगं म्हंतीया. संतू, घर म्होरं घे." इंजिनिअर चिडला, संतोष कुरकुरला, पण मागची खोली रद्द झाली. तिसऱ्या पावसाळ्यात तो कोपरा कमरेएवढा खचला. घराला साधा तडा नाही. संतोषनेच हे फोनवर सांगितलं, हसत.

त्यानंतरही माझी जीभ उचलायला वर्ष गेलं. यंदा उन्हाळ्यात जाऊन दोघांपुढे सगळं सांगितलं... वकिलांपुढचं, त्या सकाळचंही.

"माझ्या पोरी झोपल्या असत्या त्या खोलीत, काका," एवढंच म्हणून संतोष बाहेर गेला.

हौसाबाई म्हणाल्या, "खोटं बोललासा ते बोललासा. पर पानी आसल्याली हीर बुजवली? आवं, एका हिरीपायी आमच्याकडं मानसं जल्म घालवत्यात. तुमाला कसं वाटलं वो तसं कराया?"

नदीकाठी वाढलेला माणूस मी, पाण्याचं काही वाटलंच नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "ग्वाड हुतं का?"

ताबा घेतला त्या दिवशी एकदाच ओंजळीने प्यायलो होतो. "लय गोड होतं," मी म्हणालो.

"मग काढायची. तुमीच काढायची."

आता दर रविवारी मी मलकापूरला जातो. राडारोडा काढायला माणसं लावलीत. हौसाबाई माझ्याशेजारी काठावर बसतात, मला भाकरी देतात. संतोष अजून नीट बोलत नाही, त्याचं बरोबरच आहे. फक्की का वळली, कुणी वळवली, ते आजही मला सांगता येत नाही. हौसाबाईंना विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही.

पंधरा फूट झालंय. अजून पाणी लागलेलं नाही. "लागंल की," त्या म्हणतात.