दोन गाण्यांमधलं बोलणं

पंचवटीतल्या रंगनाथकडे लाउडस्पीकरचे दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि कॅसेटींनी भरलेल्या तीन पत्र्याच्या पेट्या होत्या. एवढं सामान नाशकात आणखी वीसजणांकडे असेल. तरीही दिंडोरी-वणीकडची माणसं लग्नाची तारीख धरण्याआधी रंगनाथ मोकळा आहे का ते विचारायची, आणि त्याला कारण त्याची जीभ. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत तो माइकवर त्या गाण्याबद्दल मनात येईल ते बोलून टाकायचा. कव्वाली संपली की म्हणायचा, "टाळ्या हेच वाजवतात, वाहवा हेच म्हणतात, आपल्याला काही कामच ठेवत नाहीत." इंग्रजी डिस्को लावला की म्हणायचा, "यातलं अक्षर कळत नाही म्हणून आवडतं. कळलं असतं तर बहुतेक घरात लावता आलं नसतं." पंगतीतली माणसं घास हातात धरून हसायची.

शहाण्णवच्या मे महिन्यात त्याची बायको मीना काविळीने दवाखान्यात होती. आठ दिवस तो तिच्या उशाशी बसून होता. नवव्या दिवशी सकाळी तिने वाटीभर पेज घेतली आणि त्यालाच दटावलं, "धोंडीरामांच्या मुलीचं लग्न आहे ना आज? जा तुम्ही. मी काय पळून चाललेय?" धोंडीराम म्हणजे वणीच्या अलीकडच्या गावातले द्राक्षबागाईतदार. त्या गावात फोन एकच, किराणा दुकानात. रंगनाथने तो नंबर मुलीला, संध्याला, लिहून दिला. "काही लागलं तर लगेच फोन कर. सव्वा तासात येतो," म्हणाला आणि निघाला.

फोन आला, आणि वेळेवर आला. अकरा वाजता. आईचं अचानक बिघडलंय, ती अण्णांना विचारतेय, डॉक्टर म्हणतात लगेच बोलवा. दुकानदार धावत मांडवात गेला, पण दारातच त्याला नवरीचा बाप, धोंडीराम भेटला आणि दुकानदाराने निरोप त्याच्याच कानात सांगितला. पुढे काय करायचं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. साडेअकराची एसटी समोरच्या फाट्यावरून जाते.

धोंडीरामने आधी मांडवाकडे वळून पाहिलं. पोरीचं आधी एकदा मोडलेलं होतं. शेजारी त्याचा थोरला भाऊ सोमा उभा होता.

"आत्ता सांगितलं तर त्यो रडतच उठंल," सोमा म्हणाला. "गानी थांबली की व्याही इचारतील. अपशकुन नाय का? अक्षता पडू दे, मंग सांगू."

"बाई लय शिरीयस हाय म्हन्त्यात रे."

"दवाखान्यातले समद्यांना तसंच म्हन्त्यात."

धोंडीरामने मान हलवली. दुकानदाराला गप्प बसायला सांगितलं. आणि रंगनाथ तिकडे आपला बोलतोय.

सिनेमातलं हिरोच्या मरणाचं गाणं लागलं. "चार मिनिटं झाली हा मरतोय, आणि अजून एक कडवं बाकी आहे," तो म्हणाला. वऱ्हाड खदखदलं. मग देवीचं गाणं, त्यावर तो काही बोलला नाही, नुसता हात जोडून बसला. मग लावणी. "पुढची ओळ म्हाताऱ्यांनी ऐकू नये. म्हणजे ऐकावी, पण हसू नये." आणि मग एक जुनं, संथ भावगीत. "हे माझ्या बायकोला अजिबात आवडत नाही. म्हणते, इतका वेळ रडायला हिला फुरसत कोण देतं? आज ती आजारी आहे म्हणून पुरं लावतोय, नाहीतर मधेच बंद करायला लावलं असतं." बायका पदराआड हसल्या. धोंडीराम मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याने तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं.

बारा सदतीसला अक्षता पडल्या. आता कसला अपशकुन? पण आता व्याह्यांची पंगत बसायची होती. मग गावाची. मान-पान, आहेर, फोटो. व्याह्यांनी रंगनाथची फार तारीफ केली, आणखी गाणी सांगितली, आणि तो खुशीत त्या गाण्यांवरही बोलत राहिला.

सव्वातीनला धोंडीराम त्याच्याजवळ आला. आत्ताच निरोप आलाय म्हणाला आणि जीप काढून दिली.

मीना दोन वाजता गेली होती. संध्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. बापाला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"अकराला फोन केला होता, अण्णा. दीडपर्यंत ती शुद्धीवर होती. मी सारखं सांगत होते, निघालेत, येतीलच."

रंगनाथ तिच्या शेजारी पायरीवर बसला. अकरापासून आपण काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवत होतं.

दशक्रियेला धोंडीराम रामकुंडावर आला. गर्दीतून वाट काढत त्याने रंगनाथचे पाय धरले. "चूक झाली, भाऊ. गानी थांबतील या भ्यानं नाय सांगितलं."

रंगनाथने पाय मागे घेतले नाहीत. फार शांतपणे म्हणाला, "कॅसेट नव्वद मिनिटांची असते. एक बाजू संपली की उलटायची. तुमच्या सोमाभाऊंनाही जमलं असतं. मी कशाला लागत होतो?"

धोंडीराम खोटं बोलू शकला असता, पण आता त्याच्यात तेवढं त्राण नव्हतं.

"गानी काय, कोनीबी वाजवली असती," तो म्हणाला. "पन मंडळी तुमच्या बोलन्याला हसत व्हती."

रंगनाथने धंदा पुढे नऊ वर्षं केला. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. लोक म्हणायचे, रंगनाथभाऊ, दोन शब्द होऊ द्या की. तो पुढचं गाणं लावायचा. मंगलाष्टकांना माइक भटजींच्या हातात द्यायचा, आणि परत घेतला की आधी त्याचं बटण बंद करायचा.