साडूच्या नावावरचा हुकूमनामा

साडूचं कर्ज फिटलं, त्या आनंदात पद्मालयाच्या गणपतीला वरण-बट्टीचं जेवण झालं. धुळ्यात साडूचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. ते बसलं, तसा बँकेनं जळगावच्या कोर्टात दावा लावला आणि त्याच्याविरुद्ध वसुलीचा हुकूमनामा झाला. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, केळीचे पैसे दिले, त्यानं बायकोच्या बांगड्या मोडल्या आणि बँकेत जाऊन सगळं भरून टाकलं. पावती देवाच्या पायाशी ठेवून आला.

"भाऊ, आते कोनं काहीच देनं नही शे!" वांग्याची भाजी वाढता वाढता तो मला म्हणाला.

"छान झालं," म्हटलं आणि बट्टी कुस्करत बसलो.

मी जळगावात एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. कोर्टाबाहेर पैसे भरले, तर ते मिळाल्याचं बँकेकडून कोर्टाला लेखी कळवून घ्यावं लागतं. नाहीतर हुकूमनामा तसाच उभा राहतो आणि माणसाच्या क्रेडिट रेकॉर्डवर थकबाकी दिसत राहते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्या दिवशी सगळ्यांनी देवाला कळवलं, कोर्टाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी बोललो नाही.

विसरलो म्हणालो असतो तर कुणी शंका घेतली नसती. पण विसरलो नव्हतो. मला तो माणूस सहन होत नव्हता, इतकंच. मोठा जावई मी. कधी कुणाचा हप्ता चुकवला नाही, आबांकडे हात पसरला नाही. आणि सासुरवाडीत खापरावरचा पहिला पुरणाचा मांडा ह्याच्या ताटात. दुकान बुडवून आला तरी ओट्यावर ह्याच्याभोवतीच घोळका. आबा म्हणायचे, "धाकला जवाई हिंमतवाला शे." मला म्हणायचे, "तुमचं बरं आहे." माझी बायकोसुद्धा त्याच्या गमतींना अशी खळखळून हसायची, की हे हसू आमच्या घरी कुठं ठेवते, असं मला वाटायचं. माझं रेकॉर्ड स्वच्छ होतं ते खरं. पण मी कधी काही करायलाच गेलो नव्हतो.

दोनेक वर्षांनी त्यानं धुळ्याच्या देवपुरात घर पसंत केलं, बयाणा दिला. गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाला.

"भाऊ, रेकॉर्डवर अजून थकबाकी दाखवताहेत. पैसे तर भरले ना आपण?" फोनवर त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला. आणि लाज वाटते लिहायला, मला बरं वाटलं. संध्याकाळी मी रस्त्यात थांबून जिलेबी घेतली होती.

मग मात्र मी धावलो. बँकेच्या वकिलांना गाठलं, पूर्ण रक्कम मिळाल्याची पुरशीस, म्हणजे लेखी कबुली, कोर्टात दाखल करवून घेतली, नोंदीची नक्कल काढली, बँकेकडून दुरुस्ती पाठवायला लावली. रेकॉर्डवरून ती नोंद निघाली. पण तोवर घराच्या व्यवहाराची मुदत संपली होती. घरमालकानं बयाणा परत केला आणि घर दुसऱ्याला दिलं. मेहुणीनं त्या घराच्या खिडक्यांची मापं पडद्यांसाठी घेऊन ठेवली होती, असं बायकोनं सांगितलं.

नक्कल न्यायला तो जळगावला आला. बस स्टँडवर चहा घेताना म्हणाला, "घर गेलं, जाऊ द्या. दुसरं बघू. पण तुम्ही नसता तर मी अजून हेलपाटेच घालत असतो. आबांना सांगतो, मोठे भाऊ होते म्हणून निभावलं."

लग्न झाल्यापासून हेच ऐकायला मी टपलो होतो. आणि आता ते मला घेता येईना.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"कोर्टाला कळवावं लागतं ते. पद्मालयाला जेवत होतो, तेव्हाच."

त्यानं कप खाली ठेवला. "मग बोलले का नाही?"

"तुमचा हेवा वाटायचा."

"माझा?" तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "बांगड्या मोडून बसलेल्या माणसाचा?" मग हात पुढे केला. "ती नक्कल इकडे द्या. तुमच्याकडे नको." धुळ्याची बस लागली होती. मागे न बघता तो चढला.

पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीला गेलो, ते सगळ्यांना कळलं असणार असं धरूनच. आबांनी मला हाताला धरून बसवलं. "मोठे जावई होते म्हणून त्याचं निस्तरलं," म्हणाले, आणि पहिला मांडा माझ्या ताटात वाढायला लावला. समोर साडू आमरस ओरपत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. दिवसभर बोललाही नाही.

मी मांडा ताटातच मोडत बसलो. त्याच्या जागी मी असतो, तर सगळ्यांदेखत सांगून मोकळा झालो असतो. ते त्याला करावंसं वाटलं नाही, ह्याचाही मला हेवा वाटत होता.