कोरड्या कपातले मूग

सुरुचीताईच्या काही सवयी.

चहावर साय धरेपर्यंत ती कप उचलत नसे. रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली की थांबायची. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत राहायचा. भेंडी निवडताना तिच्यावरची लव बोटाने उलटी घासून बघायची. तिच्या पर्समध्ये कबुतराची पिसं, बाटल्यांची झाकणं आणि मोडक्या दुर्बिणीचं एक भिंग असायचं. मुलाने काही दाखवलं की ती ‘छान’ म्हणत नसे. ‘अजून?’ म्हणायची. मूल पुन्हा बघायचं. काहीतरी नवं सांगायचं. ती पुन्हा म्हणायची, ‘अजून?’

मिरा रोडला शांती नगरात, एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे जोडून आमची बालवाडी भरायची. २००६ साल. मी मराठी घेऊन बीए झाले होते आणि पुढे काय, ते ठरत नव्हतं, म्हणून तिथे ज्युनिअर केजीला शिकवायला लागले. सुरुचीताईकडे सीनिअर केजी होती. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. गिरगावातून लग्न करून इकडे आलेली. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे तिचा प्रत्येक ‘अजून?’ मला ऐकू यायचा. मैत्री तिथून झाली.

रोज शेवटचा अर्धा तास तिने मागून घेतला होता. मुलं त्याला बघायचा तास म्हणायची. एकदा तिने ताटलीत बर्फाचा खडा ठेवला आणि सगळ्यांना भोवती बसवलं. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. बऱ्याच वेळाने सान्वी म्हणाली, “टीचर, ताटलीला खालून घाम आलाय.” ताईने ताटली उचलून खालचा भाग सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी घरी जाताना ताई वाटभर तेच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सरांना एका आईचा फोन आला. “सर, बच्ची बोलती है आज बर्फ देखा. बर्फ तो हमारे फ्रिज में भी है.”

पंढरीनाथ सर बालवाडीचे मालक. माणूस वाईट नव्हता. समोरच्या सेक्टरमध्ये नवी बालवाडी निघाली होती आणि तिथली मुलं डिसेंबरातच तीन अक्षरी शब्द लिहीत होती. त्यांनी ताईला बोलावलं.

“सुरुची टीचर, पालकांना वहीत काहीतरी दिसायला लागतं. तुमच्या तासाचं काय दिसतं?”

“मुलं बघायला शिकतायत, सर.”

“ते मला दिसतंय. त्यांना दिसत नाही ना. पालकसभेत काहीतरी दाखवा. पटलं त्यांना, तर तास ठेवू. नाहीतर तिथे हस्ताक्षर घेऊ.”

ताई महिनाभर विचार करत होती. शेवटी मूग ठरले. प्रत्येक मुलाला तीन छोटे कप. एकात कोरडा कापूस, एकात ओला, एकात मूग बुडतील इतकं पाणी. तिन्हींत मूग टाकायचे, घरी न्यायचे, रोज बघायचं आणि दिसेल तसं चित्र काढायचं. तीन दिवसांनी, शनिवारी, पालकसभेला कप घेऊन यायचं.

“घरी कशाला? इथेच ठेव की,” मी म्हटलं.

“इथे झाडूवाल्या मावशी फेकतात गं. आणि घरी आया पण बघतील. एकदा त्यांनी बघितलं ना, की मला काही समजावून सांगावं लागणार नाही.”

हे तिला खरंच वाटत होतं.

शनिवारी बाकांवर कपांच्या रांगा लागल्या. मी माझं काम टाकून बघायला गेले. सगळ्या कपांत मोड होते. ओल्या कपात मोड. पाण्याच्या कपात मोड. कोरड्या कपातही, सुक्या खडखडीत कापसावर, बोटाच्या पेराएवढे मोड. सोसायटीच्या गेटवर भाजीवाला मोड आलेलं कडधान्य विकायचा. एका मुलाच्या कोरड्या कपात तर मुगाची मटकी झाली होती.

ताई सान्वीसमोर खाली बसली. “सान्वी, या कोरड्या कपात काय दिसलं तुला?”

सान्वीने आईकडे पाहिलं. आई कुजबुजली, “सांग ना, मोड आले.”

“मोड आले.”

“तू बघितलेस?”

“मम्मीने बघितले.”

सगळे हसले. सान्वीची आईही हसली. म्हणाली, “टीचर, काल रात्रीपर्यंत काहीच येईना. रडायला लागली ही. मग म्हटलं, कमी मार्क नकोत.”

“याला मार्क नाहीत हो,” ताई म्हणाली. “कोरड्यात येणारच नव्हते. तेच तर बघायचं होतं.”

“असं होय? मग आधी सांगायचं ना, टीचर. तसं केलं असतं.”

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिला कोपऱ्यात सरूबाई दिसल्या. ताईच्या वर्गातल्या जितेशची आजी, वरसाव्याहून यायच्या. त्यांनी एक कप पदराआड धरला होता.

“दाखवा ना, आजी.”

“नको गं बाय. आमच्या कोरड्यात काय आलंच न्हाय. पोरगा रोज बघत बसला. मूग तसेच हाय.”

ताईने कप घेतला. हिरवे, टणटणीत मूग. सोबत जितेशची चित्रं. तिन्ही दिवस कोरड्या कपाचं तेच चित्र, नुसते गोल. माझा हात तिने इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. “हा एक पुरे,” ती म्हणाली. “सरांना बोलावते. आजी, इथेच ठेवा हां.”

ती ऑफिसकडे गेली. मी पालकांना खुर्च्या देत होते. माझं लक्ष गेलं तोवर उशीर झाला होता.

शेजारी हंसाबेन बसल्या होत्या, नातवाचे तीन भरगच्च कप घेऊन. त्यांना वाईट वाटलं असणार. डब्यातून मूठभर मोड काढून त्यांनी सरूबाईंच्या कपात ओतले. “लो बेन, हमारे पास बहोत है. बच्चे का दिल नहीं टूटना चाहिए.”

सरूबाईंनी हात जोडले.

ताई सरांना घेऊन आली. “हे बघा सर, हा एकच...”

सरांनी वाकून पाहिलं. “वा! यांचेपण आले. म्हणजे सगळ्यांचे आले!” ते पालकांकडे वळले. “बघा, आमच्याकडे असं शिकवतात.” टाळ्या वाजल्या. जितेश आजीचा पदर ओढून काहीतरी सांगत होता. आजीने त्याला गप्प केलं.

सभेनंतर सरांनी तास चालू ठेवल्याचं सांगितलं. पालक खूश होते. पुढच्या वेळी गुलाब लावा म्हणाले. मी ताईचं अभिनंदन करणार होते. तिचा चेहरा बघून थांबले.

“सर, ते मोड बाजारातले आहेत,” ती म्हणाली.

“माहीत आहे मला. मीही तिथूनच भाजी घेतो. पण आया कधी नव्हे ते मुलांबरोबर बसल्या ना? तुमचा तास वाचला, टीचर. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

तिने बाकावरची जितेशची चित्रं उचलून पर्समध्ये ठेवली.

सोमवारी सरांनी रंग आणून दिले. प्रवेश सुरू होणार होते. दाराशेजारच्या भिंतीवर मुगाच्या प्रयोगाचं मोठं चित्र हवं होतं. तीन कप, तिन्हींत मोड, खाली बालवाडीचं नाव. ताई मुकाट्याने स्टुलावर चढली. तिचा हात चांगला होता. ओल्या कपातले मोड तिने एकेक करून काढले, प्रत्येकाचा बाक वेगळा. मग पाण्याचा कप. मग तिसऱ्या कपाची बाह्यरेषा, कापूस, आणि तळाशी काही हिरवे गोल.

सर बाहेर आले. “मोड राहिले, टीचर.”

“हो,” ती म्हणाली. ब्रश डब्यात ठेवला, उतरली, पर्स घेतली. मला वाटलं चहाला चाललीय.

ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर म्हणाली, “बरी आहे गं. नाही येणार आता.” का, ते मी तीनदा विचारलं. तास तर वाचला होता. ती म्हणाली, “जितेशला सांग, त्याची चित्रं माझ्याकडे आहेत.” आणि फोन ठेवला.

सरांनी ब्रश माझ्या हातात दिला. “तिसऱ्या कपात तेवढे चार मोड रंगवून टाक, स्वप्नाली. दोन मिनिटांचं काम.”

मी स्टुलावर चढले. हिरवे गोल अजून ओले असल्यासारखे चमकत होते. बोट लावून पाहिलं. वाळले होते.