अलाउद्दीन मिस्त्रीचा बारावा फेटा

पौडच्या पोस्टात मी नऊ वर्षं कारकून होतो आणि त्यातली निम्मी तरी समोरच्या अलाउद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजकडे बघण्यात घालवली, हे आता पेन्शन सुरू झाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि एक तार. तारेवर पितळी झडपा ओवून टांगलेल्या. इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जातं त्या वाटेवर ही झडप बसवलेली असते. मिस्त्रीच्या हाती गाडी आली की तो आधी ती काढून टाकायचा. "ही थंड मुलखातली वस्तू. हितं काय कामाची? पान्याला वाट मोकळी पायजे," असं तो ऐटीत सांगायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. गाडी तापू नये यासाठी त्याच्याकडे एवढा एकच इलाज होता, आणि तेवढ्यावर आख्ख्या मुळशीत त्याचा बोलबाला होता. आपल्याकडे बोलबाला व्हायला एकाहून जास्त इलाज लागतही नाहीत.

त्याचे वडील इस्माईलचाचा गावोगाव भांड्यांना कल्हई करत फिरले. अलाउद्दीन चाळिशीला आला तरी लोक त्याला कल्हईवाल्याचा पोरगाच म्हणायचे. त्याला मिस्त्री केलं ते सुसरीनं.

सुसर ही चांदे गावच्या हैबतरावांची विलायती गाडी. तिचं खरं नाव कुणालाच धड घेता येत नसे. शहात्तर साली पुण्यातल्या एका संस्थानिकाच्या वारसांकडून त्यांनी ती उचलली. लांबलचक नाक, दोनच सीटा, वर टप नाही, आणि वेगाच्या तबकडीवर एकशे चाळीस मैलांपर्यंत आकडे. शर्यतीसाठी जन्मलेल्या या गाडीला हैबतरावांनी परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, जुंपलं. भावकीत लग्न निघालं की नवरदेव शेजारी बसवायचा, पुढं बँड लावायचा आणि वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत जायचं. एकशे चाळीसच्या तबकडीवर काटा पाचाच्या वर गेलेला मी तरी पाहिला नाही.

त्यात नाकावर झेंडूचा हातभर जाड हार. गाडीला श्वास कुठून मिळणार? दर फर्लांगाला सुसर उकळायची, वाफेचा लोट उठायचा, बँड थांबायचा, आणि गर्दीतून अलाउद्दीन पुढे यायचा. हातात कोमट पाण्याची तांब्याची घागर. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर लोखंड तडकतं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. तो सावकाश झाकण सोडवायचा, धार धरायचा, लोक श्वास रोखून बघायचे. गाडी चालू झाली की हैबतराव हुकूम सोडायचे, "मिस्त्रीला फेटा बांधा." सोयऱ्यांच्या ओळीत, सोयऱ्यांसारखाच. असे अकरा फेटे त्याच्या पत्र्याच्या पेटीत घड्या घालून ठेवले होते. मी चहाला गेलो की तो ते काढून दाखवायचा. प्रत्येक खेपेला नवीन असल्यासारखं "वा वा" म्हणणं मला भाग असे.

एक्क्याऐंशीच्या चैत्रात त्याच्या बायकोनं, हुसेनबीनं, घोटाळा केला. उरुसासाठी पितळ घासायला काढलं, तेव्हा तारेवरच्या झडपाही चिंच घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकल्या. मी बाकड्यावर बसलो होतो.

"अवं, हिकडं या," ती आतून म्हणाली. "ही जित्ती हाय."

पातेल्यात सुसरीची मोठी झडप हळूहळू तोंड उघडत होती. हुसेनबीनं चिमट्यानं बाहेर काढली तशी मिटली. पुन्हा पाण्यात, पुन्हा उघडली. आणि तोंड उघडताना तिच्या अंगावरची पितळी कडी सरकून वर जात होती. अलाउद्दीन ती कडी बघत राहिला. चहा निवला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"मास्तर," अखेर तो मला म्हणाला. पोस्टात असलो तरी मी सगळ्यांचा मास्तरच. "पान्याला दोन वाटा हायेत. एक रेडिएटरकडं, एक बगलेची, परत इंजनात. इंजन तापलं की ही रेडिएटरची वाट उघडती आन् ह्या कडीनं बगलेची झाकती. म्या हीच काढली. म्हंजी पानी निवायला जातच न्हाई. पाच वर्सं म्याच तिला उकळतोय."

मी हसलो. फार हसलो. तो हसला नाही.

"बसवा की परत," हुसेनबी म्हणाली. "कुनाला कळतंय?"

"गाडी उकळायची थांबली, तर मला कोन बोलवंल?"

खरी अडचण ती होती. एका पारड्यात इंजिन आणि दुसऱ्यात फेटा. पुढच्याच महिन्यात हैबतरावांच्या मुलीचं लग्न, नेरे गावचा जावई, तालुका लोटणार. बारावा फेटा तर ठरलेलाच. पण अशीच उकळत राहिली तर एक दिवस सुसरीचं इंजिन फुटेल, हेही त्यालाच दिसत होतं. दोन दिवस तो झडप खिशात घालून हिंडला. तिसऱ्या दिवशी चांद्याला जाऊन झडप बसवून आला. कुणालाही न सांगता.

लग्नाच्या दिवशी उन्हं उतरल्यावर परण्या निघाला. अलाउद्दीननं नाकावरचा हार काढून मागं बांधला आणि घागर घेऊन शेजारून चालू लागला. सुसर तापली नाही. वाफ नाही, थांबणं नाही. आणि तेव्हा सगळ्यांना कळलं की आजवर परण्याची मजा त्या थांबण्यातच होती. गाडी निवेपर्यंत पोरं नाचायची, बायका नवरदेवाला नीट बघून घ्यायच्या, बँडवाले दम खायचे. आज अर्ध्या तासात मिरवणूक मारुतीपुढे हजर. पुजारी अजून आला नव्हता. जावई बंद देवळासमोर बाशिंग सावरत उभा, आणि नेऱ्याचे सोयरे आपसात कुजबुजायला लागले की परण्या उरकून टाकला.

हैबतराव लाल झाले. "मिस्त्री, काय बिघडवलंस तिच्यात? वाफ कुटं गेली?"

इथं गप्प बसता आलं असतं. मी असतो तर बसलो असतो. अलाउद्दीननं घागर खाली ठेवली.

"बिघाड व्हता त्यो काढला, आण्णा. पाच वर्सांपूर्वी म्याच केल्याला."

खरं बोलण्यासाठी माणसानं याहून वाईट वेळ निवडलेली मला माहीत नाही. त्या दिवशी मिस्त्रीसाठी आणलेला फेटा बँडमास्तरला बांधला गेला. आठवड्याभरात हैबतराव सुसर पुण्याच्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्यानं झडप काढली, ही थंड मुलखातली वस्तू आहे असं सांगितलं, आणि हैबतरावांनी मान डोलवली.

तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या पुतण्याचं लग्न आमच्या पौडातच निघालं. परण्या बाजारातून आला आणि सुसर नेमकी अलाउद्दीनच्या गॅरेजसमोर उकळली. सोबत आलेला पुण्याचा मिस्त्री विहिरीच्या गार पाण्याची बादली घेऊन धावला.

"थांब," अलाउद्दीन ओरडला. चुलीवरून कोमट पाण्याची घागर उचलून तो बोडक्या डोक्यानं रस्त्यावर आला, पुण्याच्या मिस्त्रीला बाजूला सारलं आणि सावकाश धार धरली. भोवती पोरं नाचत होती. इंजिन निवलं.

"मिस्त्रीला फेटा बांधा," हैबतराव म्हणाले.

"फेटा नगं, आण्णा. माझी झडप द्या. आत्ता बसवतो."

"ती कवाच भंगारात टाकली यानं."

अलाउद्दीन उभा राहिला. हुसेनबी दारात होती. मला वाटलं, हा आता घागर उचलून घरात जाईल, आणि त्यानं जावं असं मला मनापासून वाटत होतं. पण फेटेवाला पुढे झाला आणि मिस्त्रीनं मान वाकवली. हुसेनबी आत निघून गेली. ज्या माणसाला मी नऊ वर्षं हसलो, त्याच्याकडे मला बघवेना.

त्या दिवशी पौडच्या मारुतीपर्यंत सुसर आणखी तीनदा उकळली आणि सगळ्यांनी पोटभर नाचून घेतलं.