न जोडलेल्या वायरवर लागलेले दोन पिवळे लाइट

आधीच कबूल करतो, असे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातल्या देवांसोबत गावातली भुतंही नदीत सोडून दिली, असं बाबा म्हणतात. आमच्या गाडीला लिंबू-मिरची कधी बांधली गेली नाही. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते मी क्रमाने सांगतो. कोणाला खोटं वाटलं तर वाटू द्या.

तुमसर तालुक्यात आंबागड किल्ल्याच्या पायथ्याकडे आमचं गाव. मी तुमसरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. बाबांकडे जुनी फोर बाय फोर पिकअप आहे. जंगलाकडच्या चिखलवाटांवर दुसरी गाडी टिकत नाही म्हणून घेतलेली. एरवी बांबू वाहायचा, आणि जानेवारीत उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली की बायकांची टोळी शेतावर पोचवायची.

रोवणीच्या दिवसांत पहाटे आमच्याकडे दाट धुकं असतं. हेडलाइट लावला की समोर पांढरा पडदाच. म्हणून बाबा ऊन निघाल्याशिवाय गाडी काढत नसत. या वर्षी त्यांनी जास्तीचे लाइट लावायचं ठरवलं आणि काम मला दिलं. मेकॅनिकला नाही, मला. मला किती बरं वाटलं होतं ते सांगता येत नाही.

मला मोबाइलवर पाहिलेला लांब पांढरा एलईडी बार हवा होता.

"पांढरा कायले?" बाबा म्हणाले. "धुक्यात पांढरं लावलं तं आपल्याच डोयात येते. पिवळे घे, अन् खाली लाव."

दुकानदारही तेच म्हणाला. मग दोन पिवळे गोल हॅलोजन घेतले, पंचावन्न वॉटचे, आणि बंपरवर खालच्या बाजूला बसवले. एवढा करंट डॅशबोर्डच्या स्विचला झेपत नाही, म्हणून मध्ये रिले टाकली. म्हणजे स्विच दाबला की रिले 'टिक' करते आणि बॅटरीकडून आलेली जाड वायर लाइटला जोडून देते. ती जाड वायर बॅटरीला लावण्याआधी तिच्यात फ्यूज हवा. आणि नेमकं संध्याकाळी, शेवटच्या क्षणी, फ्यूजचा होल्डर माझ्या हातून पक्कड लागून फुटला.

गावात दुसरा मिळत नव्हता. आमच्याकडचे मेकॅनिक अशा वेळी वायर सरळ बॅटरीला जोडून देतात, पण त्याने गाडी पेटू शकते हे मी शिकलो होतो. म्हणून वायरच्या टोकाला लाल टेप गुंडाळली आणि टोक बॅटरीपासून वीतभर लांब, पत्र्याला बांधून ठेवलं. उद्या तुमसरहून होल्डर आणू, असं ठरवलं.

तेवढ्यात बाबा आले. सोबत टोळीची मुकादम सगुणाकाकी, आणखी दोघी-तिघी.

"झालं का रे?"

मी "झालं" म्हणालो.

का म्हणालो... सगळ्यांसमोर होल्डर फुटला म्हणायला जीभ वळली नाही, एवढंच.

"पाहा वं," सगुणाकाकी बायकांना म्हणाली, "कॉलेजवाल्यानं गाडीले सूर्यच बांधला. मंग उद्या अंधारातच निघू, भाऊ. दोन बांध्या जास्त रोवून होतीन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

रात्री सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सकाळी साडेपाचला मागे अकरा बायका दाटीवाटीने उभ्या होत्या, मी बाबांच्या शेजारी बसलो होतो, आणि तोंड उघडत नव्हतं. डांबरी रस्ता होता तोवर हेडलाइटवर हळूहळू निभावलं. पुढे बोडीची, म्हणजे गावतळ्याची, पाळ लागते. मातीचा बांधच तो, गाडीपुरता रुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल शेत.

पाळीवर चढलो आणि काहीच दिसेना.

"लाव बे लाइट," बाबा म्हणाले.

मी मनात वाक्य तयार केलं. स्विच दाबीन, नुसती टिक येईल, लाइट लागणार नाहीत, मग सांगीन की बाबा, वायर जोडलेली नाही. स्विच दाबला. टिक आली.

आणि लाइट लागले.

पिवळा, जमिनीला चिकटून जाणारा उजेड. त्या उजेडात दहा-बारा फुटांवर पाळ संपलेली दिसली. बाबांनी ब्रेक मारला. मागे बायका एकमेकींवर आदळल्या, कोणीतरी शिवी घातली.

उतरून पाहिलं. आमच्याकडे रोवणीसाठी कोणी कोणी रात्री पाळीला बारीक चीर पाडून शेतात पाणी घेतो आणि दिवस चढायच्या आत बुजवून टाकतो. धुक्यात तेवढ्या लवकर गाडी येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. त्या रात्री पाण्याने ती चीर बैलबंडीएवढी खाऊन टाकली होती. पाणी खाली शेतात कोसळत होतं.

बायका खाली उतरल्या. मी बॉनेट उघडलं. मला वाटलं, रात्री बाबांनीच वायर जोडली असेल.

लाल टेप तशीच होती. टोक पत्र्याला बांधलेलं, बॅटरीपासून वीतभर लांब. मी ते सोडवून हातात घेतलं. समोर दोन्ही लाइट जळतच होते.

"बाबा," मी म्हणालो, "ही जोडलीच नाही."

बाबांनी वाकून पाहिलं. वायर बोटाने चाचपत रिलेपर्यंत गेले, तिथून लाइटपर्यंत, परत बॅटरीपर्यंत. सगुणाकाकी मागे उभी होती. ती आधी वायरकडे आणि मग उजेडाकडे बघत राहिली. मी आत जाऊन स्विच बंद केला. लाइट गेले. पुन्हा दाबला. टिक आली, लाइट नाही. मी कितीदा दाबला असेल... दर वेळी नुसती टिक.

बाबांनी बॉनेट लावलं. म्हणाले, "तू मले झालं म्हणला होता."

मी मान हलवली.

"अकरा जणी होत्या मांगं."

पुढच्या आठवड्यात कॉलेजात फिजिक्सच्या सरांना मी फळ्यावर सर्किट काढून दाखवलं. सरांनी मन लावून ऐकलं. रिले आतून शॉर्ट झाली तर स्विचच्या बारीक वायरमधून करंट जाऊ शकतो, असं ते म्हणाले. पण मग ती वायर वितळली असती, निदान तिचा फ्यूज तरी उडाला असता. दोन्ही शाबूत होते. रिले मी स्क्रू-ड्रायव्हरने उघडून सरांच्या टेबलावर ठेवली. तिच्यात काही बिघाड नव्हता. शेवटी सर म्हणाले, "तू नक्की पाहिलंस का?" मी एकट्यानेच पाहिलं असतं तर मीही हाच प्रश्न विचारला असता.

बायकांमध्ये दोन-तीन गोष्टी बोलल्या जातात. कोणी तळ्यात बुडालेल्या कोणाचं नाव घेतं. मी त्यात पडत नाही. भूत होतं असं मला म्हणायचं नाही. माझ्याकडे दुसरंही काही म्हणायला नाही.

नवा होल्डर आणून मी वायर नीट जोडली. लाइट चांगले चालतात. पण हल्ली बायका गाडीत चढण्याआधी बाबा स्वतः बॉनेट उघडतात, ती वायर दोनदा ओढून बघतात, मला काही विचारत नाहीत. मी टॉर्च धरून बाजूला उभा असतो.