कललेले खांबकाका

चित्रकलेच्या कॉलेजात खांबकाकांना एकच काम होतं, उभं राहण्याचं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गात मधोमध गुडघ्याएवढा उंच लाकडी चौथरा होता. काका त्यावर चढायचे, सर सांगतील तसे हातपाय ठेवायचे आणि घंटा होईपर्यंत हलायचे नाहीत. भोवती गोल करून पोरंपोरी, कॅनव्हास लावलेल्या आपापल्या ईझलसमोर. खांबकाका हे नावही पोरांनीच ठेवलेलं. नाकावर माशी बसली तरी काका तिला हाकलत नसत. एका वर्षी एका चित्रात ती माशीसुद्धा आली होती.

त्याआधी बरीच वर्षं ते एका गोदामात पोती उचलत. प्लास्टरची पोती पोचवायला एकदा या इमारतीत आले आणि पावतीवर सही करणारा कारकून जेवायला गेला होता म्हणून दाराशी थांबले. थांबले ते असे की एका सरांनी जवळ येऊन विचारलं, "असं रोज थांबाल का?" गोदामात जाऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाकीचे हमाल पोटं धरधरून हसले. बायको लाँड्रीत इस्त्रीला होती. ती म्हणाली, "मीही दिवसभर उभीच असते. मला नाही कुणी रंगवत."

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. आधी टाच बधिर होते, मग पोटरी, मग मान. श्वास छातीतून घेतला तर खांदे वरखाली होतात, पोटातून घ्यावा लागतो. सुट्टी झाली की पोरं काकांच्या बुटांभोवती खडूने रेघ ओढून ठेवत, परत आल्यावर काका त्या रेघेत बरोबर पाय घालत आणि कोट कालच्यासारखा पडला आहे ना, हे स्वतःच तपासत. पोज आपल्यामुळे मोडली, असं एवढ्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं. ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुण्यांना त्यात काय विशेष ते कळत नसे.

मोठ्या सुट्टीत एका सकाळी ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि त्यांना शिंक आली. निमित्त एवढंच. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि उजव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेने थेट करंगळीपर्यंत कळ गेली. मग ती येतच राहिली. पायात कुणीतरी वायर टाकली होती आणि बटण भलत्याच्याच हातात होतं. खोकलं तरी कळ, बसलं तरी कळ, पाय लांब केला तर विचारूच नका. मोजे बायको घालायची.

"लहान पोराचे घालावे तसे घालतेय," ती एकदा म्हणाली. "फरक एवढाच की पोर लाथ मारतं, तुम्ही ओरडता."

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, शेक द्या. मेहुणा म्हणाला, शेक अजिबात नको, बर्फ. दोघं एकदा एकाच वेळी घरी आली आणि कुणालाच दुखवायचं नाही म्हणून काका पालथे पडून राहिले, एका बाजूला गरम पाण्याची पिशवी, दुसऱ्या बाजूला बर्फाचा रुमाल. पेपरवाल्याने फळीवर झोपायला सांगितलं. फळीवर झोपून झालं, कमरेला पट्टा बांधून झाला, मलमांच्या नळ्या पिळून पिळून सपाट झाल्या. मेहुण्याच्या ओळखीचा एक हाडवैद्य होता. त्याने काकांना कुशीवर झोपवलं, एक गुडघा पाठीत रोवला आणि खांदा ओढला. कट् असा आवाज आला.

"बसलं जागेवर," हाडवैद्य म्हणाला.

काकांना तिथून रिक्षापर्यंत दोघांनी उचलून न्यावं लागलं. मेहुणा वाटेत समजूत घालत होता, "पहिल्यांदा असं होतंच. नंतर बघा." नंतरही तसंच होतं.

मग शरीरानेच एक वाट काढली. काका डावीकडे कलायला लागले. छाती डावीकडे, कंबर उजवीकडे, वरचा माणूस एका बाजूला आणि खालचा दुसऱ्या. असं उभं राहिलं की उजवा पाय गप्प बसायचा. बायको आरशासमोर म्हणाली, "अहो, जरा सरळ उभे राहा की."

"सरळच उभा आहे."

"आरशात बघा."

काकांनी पाहिलं. आपल्याला सरळ वाटतं आणि आरशातला माणूस वाकडा दिसतो, याचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी आरशाकडे बघणं सोडलं.

कॉलेज उघडलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेसाठी माणसाएवढं मोठं तैलचित्र करायचं होतं. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत काका वर आले. सरांनी त्यांची अवस्था पाहिली. सर चांगला माणूस. ते म्हणाले, "काका, यंदा पोज तुम्हीच ठरवा. ज्यात बरं वाटतं तसे उभे राहा. मुलांना उलट शिकायला मिळेल, सरळ खांब काय, सगळेच काढतात."

काका जसे उभे राहू शकत होते तसे राहिले. डावा हात खिशात, उजवा लोंबता, जुना लांब कोट एका खांद्यावरून घसरल्यासारखा. सरांनी ओळंबा धरला, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, आणि मुलांना दाखवलं, "बघा. हनुवटीतून सोडलेली रेघ एरवी दोन पायांच्या मधे पडते. इथे ती डाव्या बुटाच्याही बाहेर गेली. हे ज्याला पकडता आलं त्याला माणूस काढता आला." मुलं खूश झाली. खडूने बुटांभोवती रेघ ओढली गेली, ओळंबा टेकला तिथेही एक खूण झाली.

चौथऱ्यावर असेपर्यंत बरं असायचं. खाली उतरताना खरी परीक्षा. वर्गात एक चष्मेवाली मुलगी होती, तिचं ईझल काकांच्या बरोबर समोर. ती सुट्टीत स्टूल घेऊन धावत यायची. स्टुलावर बसवत नाही हे कळल्यावर स्टुलाला धरून उभं राहता यावं म्हणून आणायला लागली.

"काका, डॉक्टरला दाखवलं का?"

"नंबर लावलाय मोठ्या दवाखान्यात. येईल."

"कधी?"

"तेच तर त्यांना विचारायला जातो अधूनमधून."

नंबर आला तेव्हा चित्रं निम्मी झाली होती. डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहिला, काका ओरडले, डॉक्टरांनी मान डोलावली आणि तपासणीला पाठवलं. बोगद्यासारख्या यंत्रात आत जायचं होतं. हलायचं नाही, असं तिथल्या माणसाने दरडावून सांगितलं. काकांना मनातून हसू आलं. पण उताणं, पाय लांब करून झोपायचं होतं आणि नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. आत ठोके पडत राहिले, पायातली वायर पेटली, डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. काका हलले नाहीत. बाहेर काढल्यावर तो माणूस म्हणाला, "इतका स्वच्छ फोटो बऱ्याच दिवसांत आला नव्हता. झोप लागली होती का?"

कमरेतली एक गादी सरकून नसेवर दाब देत होती. "ऑपरेशनची घाई नको," डॉक्टर म्हणाले. "आधी गोळ्या आणि व्यायाम. पाय लुळा पडला किंवा लघवी अडली तर मात्र तसेच्या तसे इकडे या." काकांनी सगळ्याला हो म्हटलं. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" तेव्हा त्यांना लघवीचं तेवढं आठवलं.

सरांनी रजा दिली. मुलं तोवर मागचा पडदा आणि जमीन रंगवतील, म्हणाले.

दवाखान्यातली व्यायाम घेणारी पोरगी बारीक चणीची आणि तोंडाने फटकळ होती. तिने काकांना भिंतीला डावा खांदा टेकून उभं केलं आणि कंबर दोन्ही हातांनी भिंतीकडे ढकलली. काका कळवळले.

"ओरडा, पण ढकलू द्या," ती म्हणाली. "दुखतंय कुठे? पायात का कमरेत?"

"सगळीकडे."

"सगळीकडे नाही चालत. नीट सांगा. कुठपर्यंत?"

"करंगळीपर्यंत."

"हे दुखणं वर चढवायचंय आपल्याला. करंगळीतून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत. कमरेत जास्त दुखायला लागलं आणि पाय मोकळा झाला की समजायचं, जिंकलो. खाली उतरलं की हरलो."

काकांना हे उफराटं वाटलं, पण दुसरं काही हातात नव्हतं. घरी ते दर थोड्या वेळाने भिंतीला खांदा लावून उभे राहत. भिंतीवर त्या जागी तेलकट डाग पडला. बायको म्हणायची, "घर पडायला आलंय का, टेकू देताय ते?" पण रोज कामावरून आली की पहिला प्रश्न तिचाच असायचा, "आज कुठपर्यंत?" एक दिवस काका म्हणाले, "पोटरी." काही दिवसांनी, "गुडघ्याच्या वर." मग एका सकाळी त्यांनी मोजे स्वतः घातले. बायको दाराशी उभी राहून बघत होती. लाँड्रीत जायला तिला त्या दिवशी उशीर झाला.

व्यायामवाल्या पोरीने त्यांना आरशासमोर नेलं. काका सरळ होते. त्यांना मात्र आपण उजवीकडे पडतोय असं वाटत होतं.

"सवय होईल," ती म्हणाली. "आता एकच सांगते. पुन्हा तसं कलायचं नाही. बसताना नाही, उभं राहताना नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. ती गादी आत्ता कुठे आत बसतेय."

काकांनी हो म्हटलं आणि कॉलेजला कळवलं की उद्यापासून येतो.

जिने चढून, कुठेही न थांबता, ते वर्गात शिरले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी कोट चढवला, चौथऱ्यावर गेले, खडूच्या रेघांत पाय घातले, डावा हात खिशात. टाळ्या थांबल्या. ईझलमागून एकेक डोकं बाहेर आलं, काकांकडे बघितलं, चित्राकडे बघितलं.

कोट दोन्ही खांद्यांवर नीट बसला होता. मुलांनी इतके दिवस रंगवलेल्या चुण्या त्यावर कुठेच नव्हत्या. काखेतली सावली गेली होती. चित्रांमधला माणूस डावीकडे कललेला आणि चौथऱ्यावरचा माणूस एखाद्या शिपायासारखा.

"काका, मस्त दिसताय," मागून एक मुलगा म्हणाला. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

सर चित्रांसमोरून एक फेरी मारून आले. "काय करावं?" ते म्हणाले, पण कुणाला ते कळलं नाही. परीक्षा तोंडावर आली होती. नव्याने सुरू करण्याएवढा वेळ नव्हता. चष्मेवालीने ब्रश खाली ठेवला. "सर, मी उरलेलं मनाने काढते. काकांना काही सांगू नका."

"मनाने काढायचं असतं तर मॉडेल कशाला लागतं?" सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "काका, तुमच्यावर जबरदस्ती नाही. जमेल तेवढंच. नाहीतर आपण दुसरं काहीतरी बघू."

दुसरं काहीतरी म्हणजे काय, हे सरांनाही माहीत नव्हतं. काका समोर बघत होते. पोती उचलायचं आता आयुष्यात शक्य नव्हतं. उभं राहणंही गेलं तर उरलं काय, हा विचार त्यांनी आजारात बरेचदा केला होता, पण अशा रीतीने नव्हे. समोर सगळी पोरं वाट बघत होती आणि कुणीच काही मागत नव्हतं. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

"बघू या," काका म्हणाले आणि डावीकडे कलले.

"तसं नाही काका. नुसते खांदे गेले. कंबर तिकडे," मागचा मुलगा म्हणाला.

काकांनी कंबर सरकवली.

"आता फार झालं."

दुखत असताना शरीर आपण होऊन त्या जागी जात असे. आता ती जागा हुडकावी लागत होती. सरांनी ओळंबा धरला. पोरं सूचना द्यायला लागली, हळूहळू सगळीच, आपापल्या जागेवरून. थोडं पुढे. मान वर. अहो, जास्त नको. काकांना घाम फुटला. कमरेत ठणका लागला होता, तेवढा चालतो असं ते स्वतःला सांगत होते, कमरेत म्हणजे जिंकलो. त्यांनी आणखी बोटभर कंबर उजवीकडे जाऊ दिली.

मांडीच्या मागून काहीतरी सळकन खाली गेलं. गुडघा, पोटरी, करंगळी. सगळं अंग त्यापासून पळाल्यासारखं डावीकडे ओढलं गेलं, कोट खांद्यावरून घसरला, काखेत सावली पडली.

"हेच!" तीन-चार जण एकदम ओरडले. "काका, हेच! हलू नका!"

ओळंबा डाव्या बुटाच्या बाहेर, खडूच्या जुन्या खुणेवर येऊन थांबला होता. सरांनी सुस्कारा सोडला. काका हलले नाहीत. वर्गात पुन्हा ब्रशांचा आवाज सुरू झाला.

घंटा झाल्यावर चष्मेवाली स्टूल घेऊन आली. काकांनी स्टूल धरलं, एक पाय खाली ठेवला आणि दुसरा ठेवायला बराच वेळ घेतला.

"सर, अजून किती राहिलंय?" त्यांनी विचारलं.

सरांनी सगळ्या चित्रांवरून नजर फिरवली. "चेहरा झालाय. कोट या आठवड्यात होईल. मग हात, आणि बूट."

काकांनी चष्मेवालीच्या चित्राकडे बघितलं. चेहरा खरोखर छान आला होता. बुटांच्या जागी अजून कोरा कॅनव्हास होता.